बालसंरक्षणाचा कायदा बदलला, मग जिल्ह्यात काय बदलले? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाल न्याय कायद्यातील २०२१ च्या दुरुस्त्या १ सप्टेंबर २०२२ पासून लागू आहेत. पुढच्याच वर्षी १०९८ या मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा कारभारही बदलला. तरीही गावातला सरपंच, शाळेतल्या बाई, शेजारचे काका जुन्याच माहितीवर धावपळ करतात, आणि त्यात मुलाचे दिवस वाया जातात. पालक, शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि दत्तक घेऊ पाहणारी जोडपी पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्याची उत्तरे येथे दिली आहेत. उत्तरे महाराष्ट्र समोर ठेवून लिहिली असून शेवटी थोडे गोव्याविषयी आहे. तुमच्या घरातले प्रकरण सुरू असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. मुलांना आणि महिलांना तिथे वकील मोफत मिळतो.

बालसंरक्षणाचे काम नेमके कोणते खाते करते?

एकच खाते नाही, आणि निम्मा गोंधळ त्यातूनच होतो. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाबाबत निर्णय देते बाल कल्याण समिती. एक अध्यक्ष आणि चार सदस्य अशी तिची रचना असते. त्यांत किमान एक महिला असावीच लागते. समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत, त्यामुळे तिचा आदेश म्हणजे नुसता सल्ला नव्हे. कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांसाठी, म्हणजे विधिसंघर्षग्रस्त बालकांसाठी, बाल न्याय मंडळ वेगळे असते.

प्रत्यक्ष धावपळ जिल्हा बाल संरक्षण कक्ष करतो. घरी जाऊन चौकशी करायची, अहवाल लिहायचा, मदतीची प्रकरणे मार्गी लावायची, ही कामे तिथले संरक्षण अधिकारी आणि सामाजिक कार्यकर्ते करतात. प्रत्येक पोलीस ठाण्यात सहायक उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असला पाहिजे. ठाण्यात गेलात की त्याचे नाव विचारा. नुसते नाव विचारल्यानेही पुष्कळदा कामाची दिशा बदलते.

हा कायदा इतक्या वेळा का बदलला?

मुंबई प्रांतात मुलांसाठीचा पहिला कायदा १९२४ चा, त्यानंतर १९४८ चा. डोंगरीचे निरीक्षणगृह आणि मानखुर्दची बालगृहे चालवणारी चिल्ड्रन्स एड सोसायटी १९२७ पासूनची आहे. म्हणजे हे काम आपल्याकडे नवे नाही. १९८६ मध्ये देशभरासाठी एक कायदा आला, पण त्यात मुलगा १६ पर्यंत आणि मुलगी १८ पर्यंत अल्पवयीन धरली जाई. २००० च्या कायद्याने दोघांनाही १८ ची मर्यादा लावली आणि जुन्या बाल कल्याण मंडळांच्या जागी समित्या आणल्या.

२०१५ चा कायदा डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतरच्या संतापातून आला आणि जानेवारी २०१६ मध्ये लागू झाला. १६ ते १८ वयाच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला तर त्याच्यावर प्रौढांप्रमाणे खटला चालवायचा का, याची चर्चा तेव्हा इतकी झाली की त्याच कायद्याचा मोठा भाग संरक्षणाविषयी आहे हे मागेच पडले. संस्थांची सक्तीची नोंदणी, प्रतिपालकत्व (मूल काही काळ दुसऱ्या कुटुंबात ठेवणे), प्रायोजकत्व (मूल घरीच सांभाळण्यासाठी आर्थिक मदत), दत्तकविधानाची सविस्तर पद्धत, हे सगळे त्यातच आहे. महाराष्ट्राने त्याखालचे आपले नियम २०१८ मध्ये केले.

२०२१ च्या दुरुस्तीतला सर्वांत मोठा बदल कोणता?

एका शब्दात सांगायचे तर जिल्हाधिकारी. जिल्हा बाल संरक्षण कक्ष आता त्यांच्या देखरेखीखाली चालतो. बाल कल्याण समितीच्या कामाचा दर तीन महिन्यांनी आढावा त्यांनी घ्यायचा. बालगृहे, निरीक्षणगृहे यांची तपासणी त्यांच्याकडे, नवीन संस्थेला नोंदणी देताना शिफारस त्यांची, दत्तकाचा आदेशही त्यांचाच. समितीच्या कारभाराबद्दल तक्रार असेल तर तीही त्यांच्याकडेच करायची. कायद्यात जिल्हाधिकाऱ्यांना ‘जिल्हा दंडाधिकारी’ म्हटले आहे आणि त्यात अपर जिल्हा दंडाधिकारीही धरले आहेत, त्यामुळे प्रत्यक्षात फाइल बहुधा अपर जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते.

हे का केले? २०१८ मध्ये बिहारच्या मुझफ्फरपूर येथील बालिकागृहातले अत्याचार टाटा समाजविज्ञान संस्थेच्या सामाजिक लेखापरीक्षणातून उघड झाले. संस्था चालते, अनुदान मिळते, भेटीच्या नोंदवहीत सह्या होतात आणि तरी आतल्या मुलींचे कोणी ऐकत नाही, हे सगळ्या देशाने पाहिले. जिल्ह्यात जबाबदार धरता येईल असा एक माणूस हवा, हा विचार या दुरुस्तीमागे होता.

मग काम सुधारले का?

फायदा झाला, तो बैठकांत दिसतो. पोलीस, आरोग्य, शिक्षण आणि महिला व बाल विकास ही खाती एका टेबलाशी बोलावण्याची ताकद जिल्हाधिकाऱ्यांकडे असते. पूर्वी संरक्षण अधिकाऱ्याने मुलाच्या वयाच्या दाखल्यासाठी सिव्हिल हॉस्पिटलला पत्रावर पत्र लिहायचे. आता तोच विषय आढावा बैठकीत निघाला की हलतो.

पण जिल्हाधिकाऱ्यांकडे दुष्काळ असतो, निवडणूक असते, पूर असतो, भूसंपादन असते. बालकांच्या फायलीला दिवसातली किती मिनिटे मिळणार, हा प्रश्न दुरुस्तीच्या वेळीच अनेकांनी विचारला होता आणि तो आजही रास्त आहे. अर्धन्यायिक समितीचा आढावा प्रशासकीय अधिकाऱ्याने घ्यायचा, यातही एक अवघडलेपण आहे. समितीने प्रशासनाच्याच चुकीवर बोट ठेवायचे ठरवले, तर काय?

आमचे मत स्पष्ट आहे. अधिकार कोणाच्या टेबलावर आहेत, यापेक्षा मुलाच्या घरी कोण जाते आणि तिथे किती वेळ बसते, यावर त्या मुलाचे भले-बुरे ठरते. कक्षातले बहुतेक कर्मचारी कंत्राटी आहेत. त्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या, मानधन थकले, जिल्हाभर फिरायला गाडी मिळाली नाही, तर कितीही चांगली दुरुस्ती कागदावर राहते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये संपूर्णा बेहुरा प्रकरणात रिक्त पदे भरण्याबाबत राज्यांना बजावले होते. बालहक्कांचा प्रश्न न्यायालयाने भरतीच्या पदांपर्यंत नेला, हे फार महत्त्वाचे होते.

समितीत कोण बसू शकते?

बाल मानसशास्त्र, कायदा, समाजकार्य, समाजशास्त्र अशा विषयांची पदवी असलेली आणि मुलांचे आरोग्य, शिक्षण किंवा कल्याण या क्षेत्रांत सात वर्षे काम केलेली व्यक्ती, किंवा अशीच पदवी असलेली व्यावसायिक व्यक्ती. दुरुस्तीने मनाईचे नियम स्पष्ट केले. मानवी किंवा बालहक्कांच्या उल्लंघनाची नोंद असलेला, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेला किंवा सरकारी नोकरीतून बडतर्फ झालेला माणूस चालणार नाही. जिल्ह्यातल्या बालगृहाच्या व्यवस्थापनात असलेली व्यक्तीही चालणार नाही. हा शेवटचा नियम फार गरजेचा होता. ज्याची संस्था, तोच मूल कोणत्या संस्थेत जाईल हे ठरवणार, असे होता कामा नये.

आम्ही गरीब आहोत. कोणी तक्रार केली तर आमचे मूल उचलून नेतील का?

हा प्रश्न सर्वांत जास्त भीतीने विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर.

मूल संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, असे कायद्याच्या तिसऱ्या कलमातल्या तत्त्वांतच लिहिले आहे. मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची, आणि बालगृहाचे मुख्य काम मूल पुन्हा घरी पोहोचवणे, हेही कायदाच सांगतो. केवळ गरिबीमुळे मूल कुटुंबापासून तोडू नये, ही भूमिका संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या पर्यायी संगोपनाविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांतही आहे.

व्यवहारात क्रम असा असतो. मूल कोणालाही सापडले, कोणीही आणले, तरी प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत ते समितीसमोर हजर करावे लागते. समितीची बैठक नसेल, रात्र असेल, तर एका सदस्यासमोरही हजर करता येते. त्यानंतर समिती चौकशी लावते. सामाजिक तपासणी अहवाल १५ दिवसांत यायला हवा आणि अंतिम आदेश चार महिन्यांत. अहवालात घराची स्थिती, आईवडिलांचे म्हणणे, नातेवाईक, शाळा आणि मुलाला स्वतःला काय वाटते, हे सगळे येते.

म्हणून चौकशीला माणूस दारात आला तर त्याला टाळू नका. शेजारचे, शाळेचे, आशाताईंचे, ज्यांचे म्हणणे तुमच्या बाजूने उभे राहील त्यांची नावे द्या. दवाखान्याचे कागद दाखवा. कमाई कमी असेल तर स्पष्ट सांगा, कारण त्यावरून मूल काढून घेण्याऐवजी आर्थिक मदतीचे प्रकरण सुरू करता येते. कोऱ्या कागदावर सही मात्र कधीही करू नका. आणि ‘आम्हाला सांभाळणे जमत नाही’ अशा अर्थाचे समर्पणपत्र कोणी पुढे केले तर ते वाचून घ्या. मूल समर्पित केल्यानंतर पालकांना फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. अनेक एकट्या आयांना ही मुदत माहीतच नसते.

मारहाण, लैंगिक अत्याचार, भीक मागायला लावणे, विक्री, बालविवाहाची तयारी यांत मात्र समितीने मुलाला घरापासून दूर ठेवलेच पाहिजे, आणि तसे केले तर तिला दोष देऊ नये.

आर्थिक मदत कोणती आहे? बालगृहातच मूल टाकावे लागते का?

नाही. घरीच सांभाळण्यासाठी पैसे मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत प्रायोजकत्वाची रक्कम महिन्याला ४,००० रुपये आहे, पूर्वी ती २,००० होती. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपये. महाराष्ट्राची स्वतःची बालसंगोपन योजना जुनी आहे. आता तिला क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे आणि २०२३ मध्ये रक्कम दरमहा २,२५० रुपये झाली. अनाथ मुले, एक पालक असलेली मुले, गंभीर आजारी किंवा तुरुंगात असलेल्या पालकांची मुले यांचा त्यात विचार होतो. बाल कल्याण समितीचा आदेश लागतो. जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात दोन्ही योजनांची चौकशी करा आणि तुमच्या घराला कोणती बसते ते विचारा.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत मुले आजीकडे राहतात, आजीच्या हाती काहीच नसते आणि मुलगी १४-१५ ची झाली की लग्नाचे बोलणे सुरू होते. अशा घरात महिन्याचे हे पैसे वेळेवर पोहोचले तर बालगृहाची आणि पोलिसांची गरजच पडत नाही. हप्ते सहा-सहा महिने लांबतात तेव्हा नेमका हाच हेतू मारला जातो. संपूर्ण बालसंरक्षणात आम्हाला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट कोणती, तर ही.

१०९८ आता कोण उचलते?

ही मदतवाहिनी १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून सुरू झाली. रस्त्यावरची मुले स्वतः फोन करू शकतील, असा तो क्रमांक होता. पुढे चाइल्डलाइन इंडिया फाउंडेशन आणि जिल्ह्याजिल्ह्यातल्या स्वयंसेवी संस्थांनी ती देशभर चालवली. २०२३ पासून मिशन वात्सल्यखाली राज्याच्या महिला व बाल विकास विभागाचा नियंत्रण कक्ष आणि जिल्ह्यातले पथक हे काम पाहतात. ११२ या आणीबाणीच्या क्रमांकाशीही ती जोडली आहे.

संस्थांच्या जुन्या कार्यकर्त्यांना स्टेशनावरचा प्रत्येक बूटपॉलिशवाला पोरगा नावाने माहीत असे. ती ओळख सरकारी पथकात एका वर्षात तयार होत नाही, आणि हे नुकसान नाकारण्यात अर्थ नाही. सरकारी पथकाला मात्र पोलिसांकडे आणि रुग्णालयात लवकर दाद मिळते. तुमच्यापुरते एवढेच : क्रमांक तोच आहे, २४ तास चालतो, पैसे लागत नाहीत, तुमचे नाव सांगायची सक्ती नाही.

मूल विकल्याची किंवा भीक मागायला लावल्याची तक्रार केली, तर पोलीस ‘आधी कोर्टाचा आदेश आणा’ म्हणतात. हे बरोबर आहे का?

दुर्दैवाने, बाल न्याय कायद्यापुरते बरोबर असू शकते. तीन ते सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेले या कायद्यातले गुन्हे पूर्वी दखलपात्र होते. २०२१ च्या दुरुस्तीने ते अदखलपात्र केले, अजामीनपात्र मात्र ठेवले. मुलाची खरेदी-विक्री, भीक मागायला लावणे, मुलाला दारू किंवा अमली पदार्थ देणे, संस्थेतल्या कर्मचाऱ्याने केलेली क्रूरता, हे सगळे त्यात येते. अदखलपात्र म्हणजे पोलीस दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. काही राज्यांच्या बालहक्क आयोगांनी या बदलाला विरोध केला, आणि तो योग्यच होता. ज्या मुलाच्या बाजूने बोलायला आईबापही नाहीत, त्याच्यासाठी दंडाधिकाऱ्यापुढे कोण जाणार?

वाट मात्र बंद झालेली नाही. त्याच घटनेत अपहरण, मानवी तस्करी, लैंगिक शोषण किंवा वेठबिगारी असेल तर भारतीय न्याय संहिता, पॉक्सो (बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) आणि इतर कायद्यांची दखलपात्र कलमे लागतात. भीक मागायला लावण्यासाठी मुलाला पळवणे हा न्याय संहितेत अतिशय गंभीर गुन्हा आहे. म्हणून तक्रार लिहिताना ‘मुलाचा छळ’ एवढेच न लिहिता जे पाहिले ते सगळे लिहा : मूल कुठून आणले, कोणी आणले, पैसे कोणी घेतले, कोंडून ठेवले का. त्याच दिवशी एक प्रत बाल कल्याण समितीला द्या. समितीही पोलिसांना गुन्हा नोंदवण्यास सांगू शकते.

पॉक्सोचा गुन्हा नोंदवला तर समितीचा संबंध काय?

पोलिसांनी २४ तासांत समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचे असते. २०२० च्या नियमांनुसार समिती मुलाला आधार व्यक्ती देते, म्हणजे तपासापासून निकालापर्यंत सोबत राहणारा, तारखा सांगणारा, समुपदेशन आणि भरपाईचे पाहणारा माणूस. अन्न, कपडे, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी खास मदतीची शिफारसही समिती करू शकते आणि ती रक्कम आठवड्याच्या आत द्यायची आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये आधार व्यक्तींच्या नेमणुकीबाबत राज्यांना सविस्तर निर्देश दिले. पोलीस ठाण्यातून बाहेर पडण्यापूर्वी ‘आधार व्यक्ती कोण?’ हे विचारा, हा तुमच्या मुलाचा हक्क आहे.

दत्तकाचे कोर्ट गेले म्हणजे काय झाले?

पूर्वी अंतिम आदेश न्यायालय देत असे. आता जिल्हा दंडाधिकारी देतात, आणि अर्ज दोन महिन्यांत निकाली काढायचा आहे. त्यांच्या आदेशावर ३० दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील करता येते. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये, आपल्याकडे प्रलंबित असलेले दत्तक अर्ज वर्ग न करता तिथेच ऐकण्याचा अंतरिम आदेश दिला होता. बदल किती घाईने झाला, याची कल्पना त्यावरून येते.

बाकी पद्धत तीच. ‘कारा’च्या, म्हणजे केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर नोंदणी, गृहचौकशी, प्रतीक्षा. सोडून दिलेले मूल दोन वर्षांपर्यंतचे असेल तर दोन महिन्यांत आणि त्याहून मोठे असेल तर चार महिन्यांत ते दत्तकासाठी मुक्त असल्याचे समितीने जाहीर करायचे असते. नर्सिंग होममधून परस्पर बाळ घेणे हा गुन्हाच आहे, मग स्टॅम्पपेपरवर कितीही सह्या असोत. हिंदू दत्तक व पोटगी कायदा, १९५६ खालचे दत्तक हा वेगळा विषय आहे. त्याला बाल न्याय कायदा लागत नाही.

गावात बालविवाह ठरला आहे. कोणाला सांगू?

गावात ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. सरपंच ज्याचे अध्यक्ष आणि अंगणवाडी सेविका ज्याच्या सचिव, ती ग्राम बाल संरक्षण समितीही आहे. पण गावातल्या माणसांवर गावचे दडपण येते. म्हणून १०९८ ला फोन कराच. लग्नाच्या उंबरठ्यावरची मुलगी बाल न्याय कायद्यात ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ धरली जाते, त्यामुळे लग्न थांबवल्यानंतरही समिती तिच्या शिक्षणाचा आणि राहण्याचा आदेश देऊ शकते. नुसते लग्न मोडून सगळे परत गेले, तर पंधरा दिवसांनी दुसऱ्या तालुक्यात ते लागते.

आमच्या भागात एक ‘आश्रम’ मुले ठेवतो. तो कायदेशीर आहे हे कसे कळेल?

मुले ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेला ४१ व्या कलमाखाली नोंदणी लागते, अनुदान घेत असो वा नसो. नोंदणी न करणाऱ्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारले तर संस्थेची नोंदणी आहे का ते कळते. समितीनेही महिन्यातून किमान दोन वेळा संस्थांना तपासणीसाठी भेट द्यायची असते.

मुलाचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकला तर मदत लवकर मिळेल ना?

टाकू नका. ७४ व्या कलमानुसार मुलाची ओळख उघड करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘चांगल्या हेतूने’ फिरवलेला फोटो ते मूल मोठे झाल्यावरही फिरत राहतो.

समितीचा आदेश पटला नाही तर?

३० दिवसांत बाल न्यायालयात, म्हणजे साधारणपणे सत्र न्यायालयात, अपील करा. प्रतिपालकत्व, प्रायोजकत्व आणि अनुरक्षणाचे (१८ वर्षांनंतर संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांना आधार देण्याचे) निर्णय असतील तर अपील जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे. आदेशावर नव्हे तर वागणुकीवर तक्रार असेल, म्हणजे तारखा टाळणे, उद्धटपणा, बैठकाच न होणे, तर तीही जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे जाते. समितीने महिन्यात किमान २० दिवस बसायचे असते. तुम्ही किती तारखांना गेलात आणि समिती बसली नाही, याची नोंद ठेवा. तक्रारीत तीच कामी येते.

गोव्यात हेच नियम आहेत का?

बाल न्याय कायदा तिथेही लागू आहे, पण गोव्याचा स्वतःचा गोवा बाल कायदा, २००३ आहे आणि त्याखाली पणजीत वेगळे बाल न्यायालय आहे. सिंधुदुर्गातले किंवा बेळगावकडचे मूल गोव्यात कामाला नेले असेल, तर सापडल्यावर ते गोव्यातल्या समितीपुढे हजर होते. नंतर चौकशीसाठी आणि घरी पोहोचवण्यासाठी ती त्याच्या जिल्ह्यातल्या समितीशी पत्रव्यवहार करते. आईवडिलांनी आधार कार्ड, रेशन कार्ड आणि शाळेचा दाखला घेऊन आपल्याच जिल्ह्याच्या समितीकडे आधी जावे, म्हणजे दोन्हीकडची चौकशी एकाच वेळी सुरू होते आणि मुलाचे परके दिवस कमी होतात.